सक्तीचे अवतरण

रबाळे स्थानकाच्या पादचारी पुलावर संध्याकाळी उभे राहिले की दक्षिणेला, खाडीच्या अंगाने, मुंबईच्या मुख्य धावपट्टीकडे उतरू लागलेली विमाने एकामागोमाग एक दिसतात. पुलावरून जाणाऱ्यांपैकी कोणी मान वर करीत नाही. औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेल्या माणसाला ठाण्याची गाडी महत्त्वाची असते. आम्हीही अनेक वर्षे मान वर केली नव्हती. एके दिवशी सोबतच्या एका विद्यार्थ्याने सहज विचारले, की यांतल्या एखाद्याचे इंजिन इथेच बंद पडले तर ते उतरेल कुठे? मोठ्या विमानाला एकाहून अधिक इंजिने असतात, एक गेले तरी ते तळापर्यंत पोहोचते, असे शिकवल्यासारखे उत्तर आम्ही दिले. पण एकच इंजिन असलेले, दोन-चार माणसांचे छोटे विमान असते तर? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी खाली पाहावे लागते. आम्ही खाली पाहिले, आणि हा लेख तिथून सुरू झाला.

प्रथम शब्दांविषयी, कारण वाचक भाषेचे आहेत. आपली वृत्तपत्रे अशा प्रसंगाला सरसकट ‘इमर्जन्सी लँडिंग’ म्हणतात. वैमानिकांच्या परिभाषेत मात्र येथे भेद आहे. एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, धुराचा वास आला, म्हणून जवळच्या विमानतळावर उतरणे हे आपत्कालीन उतरणे. त्यात उतरायचे की नाही, हा निर्णय काही अंशी तरी माणसाच्या हाती असतो. इंजिनच गेले तर तो उरत नाही. उतरणे ठरलेलेच असते, कुठे एवढेच काय ते ठरवायचे असते. त्याला आम्ही येथे ‘सक्तीचे अवतरण’ म्हणणार आहोत. अवतरण या शब्दाला आपल्याकडे दुसराही एक अर्थ आहे, दुसऱ्याच्या बोलण्यातून उचलून घेतलेल्या मजकुराचा. तोही पुढे उपयोगी पडेल.

आणि ‘बंद पडणे’. इंजिनाविषयी मराठी माणूस दुसरे क्रियापद वापरतच नाही. एस.टी. घाटात बंद पडते, घड्याळ बंद पडते, नाटकाचे प्रयोग बंद पडतात, मासिक बंद पडते, गिरणी बंद पडते. रबाळ्याच्या पट्ट्यात हे क्रियापद फार झिजलेले आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या रसायनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांवर एका पिढीचे संसार उभे राहिले, त्यांतले कितीतरी पुढच्या पिढीच्या डोळ्यांदेखत बंद पडले. या क्रियापदात कर्ता नाही, हे ध्यानात घ्यावे. कोणी बंद पाडले, का पाडले, हे ते सांगत नाही. विमानाच्या बाबतीत चौकशी अधिकारी येतो आणि कर्ता शोधतो: इंधनात पाणी होते, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला होता, ठिणगी देणारा प्लग तेलाने माखला होता. इतर बाबतींत कोणी येत नाही.

मराठी साहित्यात विमान शतकानुशतके उडत होते, पण ते कधी बंद पडले नव्हते. पुष्पकाला इंजिन नव्हते. तुकोबांना न्यायला आलेल्या विमानाने इंद्रायणीकाठी कोणा शेतकऱ्याचे पीक तुडवले, अशी कथा नाही. ही कल्पना किती उशिरापर्यंत टिकली, ते पाहण्याजोगे आहे. 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाच्या अखेरीस पागनिसांचे तुकाराम गरुडाच्या विमानात बसून आकाशात जातात, आणि जिजाई खाली राहते. तिला घर आहे, मुले आहेत, म्हैस आहे. ज्या प्रेक्षकांनी हे दृश्य हात जोडून पाहिले, त्यांच्या डोक्यावरून त्या वेळी टपाल घेऊन जाणारी खरीखुरी विमाने चार वर्षे उडत होती, आणि त्यांच्या चालकांना पुढच्या मिनिटाची खात्री नव्हती. तळपदे आणि चौपाटीवरचे 1895 चे उड्डाण या आख्यायिकेविषयी येथे लिहिण्याचा मोह आम्ही टाळतो. एवढेच नोंदवतो, की ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा तिला आधार दिला जातो त्याची तपासणी 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी केली, आणि ग्रंथ विसाव्या शतकातला व त्यातली विमाने उडू न शकणारी, असा निष्कर्ष काढला. न उडणाऱ्या विमानाचे इंजिनही बंद पडत नाही.

खरी गोष्ट 1930 सालची आहे. नोव्हेंबर 1929 मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक छोटी बातमी आली: आगाखानांनी, इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. प्रवास ठरावीक मुदतीत पुरा व्हायला हवा होता. तिघे पुढे आले. मनमोहन सिंग या तरुणाने आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते. त्यावर एका इंग्रज विमानविषयक पत्राच्या संपादकाने, ‘मिस’ म्हणजे चुकणे हा अर्थ धरून, हे विमान हिंदुस्थानाला चुकवूनच जाईल, अशा अर्थाची कोटी केली होती. दुसरा अस्पी इंजिनिअर, वय सतरा. मार्च महिन्यात तो आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला विमानाने गेलेला होता. तिसरे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, वय पंचवीस, ज्यांच्या वैमानिक परवान्यावर क्रमांक 1 असून तारीख 10 फेब्रुवारी 1929 ची आहे. तिघांचीही विमाने एकाच जातीची होती, जिप्सी मॉथ: लाकडी सांगाडा, कापडाचे पंख, वरती उघडे आकाश आणि पुढे शंभर अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे एकच इंजिन.

अस्पी 25 एप्रिलला इंग्लंडहून पूर्वेकडे निघाला, जेआरडी 3 मे रोजी कराचीहून पश्चिमेकडे. दोघांच्या वाटा इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरच्या तळावर एकमेकींना छेदल्या. जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याला ठिणगी-प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. वस्तू केवढी? मुठीत मावणारी. चिनी मातीचा एक दांडा, त्यातून जाणारी तार आणि टोकाला केसाएवढी फट. त्या फटीत मिनिटाला शेकडो वेळा ठिणगी पडली नाही, की इंधन जळत नाही, पंखा फिरत नाही आणि विमान ही वस्तू क्षणात दगड नव्हे, पण पतंगही नव्हे, अशा मधल्या स्थितीत येते. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो ठेवण्याची रीत सार्वत्रिक झाली, ती या केसाएवढ्या फटीवरच्या अविश्वासातून.

जेआरडींजवळ जादा प्लग होते. त्यांनी ते दिले. अस्पीने बदल्यात आपले समुद्रात तरंगवणारे जाकीट त्यांना दिले, कारण त्यांना पुढे भूमध्यसमुद्र ओलांडायचा होता आणि अस्पीने तो ओलांडून टाकला होता. जेआरडी पॅरिसला पोहोचले तेव्हा अस्पी 11 मे रोजी कराचीला उतरलेला होता. काही तासांच्या फरकाने बक्षीस त्याला मिळाले. मनमोहन सिंगही अखेर पोहोचले, पण मुदत ओलांडून. अस्पी पुढे हवाई दलात गेले आणि 1960 ते 1964 या काळात स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे प्रमुख होते. मनमोहन सिंग 3 मार्च 1942 रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मारले गेले.

ही गोष्ट सहसा खिलाडूपणाचा धडा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण आमचे लक्ष त्या देवाणघेवाणीच्या वस्तूंकडे जाते. एकाने दिले ते इंजिन बंद पडू नये म्हणून, दुसऱ्याने दिले ते इंजिन बंद पडलेच तर म्हणून. या दोन वस्तूंच्या मध्ये त्या काळचे सगळे उड्डाण बसत होते. त्याच आठवड्यात एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी तशाच जिप्सी मॉथमधून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. 10 मे रोजी ती कराचीत होती. पुढे अलाहाबाद गाठायच्या आत इंधन सरत आल्याने तिला मागे वळून झाशीच्या परेड मैदानावर उतरावे लागले, आणि त्यात विमानाचा पंख मोडला. लष्करी छावणीतल्या कारागिरांनी तो सांधून दिला आणि ती निघाली. तिची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत झाशी एका परिच्छेदापुरती येते. मराठी वाचकाला झाशीचे मैदान म्हटल्यावर दुसरेच काही आठवते, पण तो आमचा दोष.

आता थोडे यंत्राकडे आणि जमिनीकडे. इंजिन बंद पडले म्हणजे विमान पडते, ही समजूत चित्रपटांनी रूढ केली. छोटे विमान पडत नाही, ते घसरते. नाक किंचित खाली करून ठरावीक वेग राखला, तर जितकी उंची असेल त्याच्या साधारण आठ-नऊ पट अंतर ते हवेतून तरंगत कापते. वेग राखण्याचा मोह सोडून नाक वर ओढले, की पंखांवरची हवा सुटते आणि मग मात्र ते खरोखर पडते. म्हणून विद्यार्थी वैमानिकाला पहिल्यांदा शिकवतात ते हे, की हाताला जे करावेसे वाटते त्याच्या उलट करायचे. दुसरे असे, की उड्डाण करताच इंजिन गेले तर मागे वळून धावपट्टीकडे यायचे नाही, समोर जे असेल त्यात उतरायचे. घराकडे तोंड फिरवण्याच्या या ओढीने जितके वैमानिक गेले, तितके समोरच्या कुंपणात शिरून गेले नसावेत.

तिसरे, वाऱ्याची दिशा. तीही जमिनीवरूनच वाचायची: चुलीचा धूर, दोरीवरची धुणी, तळ्यावरचे तरंग, उभ्या पिकाची लवणी. वरून पाहणाऱ्याला त्या क्षणी गावाच्या घरसंसाराची बारीकसारीक खूण कळीची होते. कोणाच्या तरी परसात वाळत घातलेले लुगडे त्याला सांगते, की वारा पश्चिमेचा आहे. ज्या बाईने ते वाळत घातले तिला हे कधी कळत नाही.

मग जमीन निवडायची. नांगरलेले रान असेल तर तासाच्या दिशेने उतरायचे, आडवे नव्हे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुततात आणि शेपूट वर येऊन विमान पालथे होते. कोकणातली भातखाचरे वरून गालिच्यासारखी दिसतात, पण दर चार-सहा पावलांवर बांध असतो आणि त्या बांधाला चाक अडले की संपले. ज्वारी-बाजरीचे मोकळे, सपाट माळरान सगळ्यांत बरे. मिठागरे सर्वांत फसवी. पांढरी, आखल्यासारखी, रिकामी, कोणीही म्हणावे की देवाने धावपट्टीच करून ठेवली आहे. वरच्या कवचाखाली चिखल असतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी कराचीहून पस मॉथ जातीच्या विमानात टपाल घेऊन निघाले, अहमदाबादेत बैलगाडीने आलेले पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्टसेंट या त्यांच्या सहकाऱ्याने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासाचे हे पहिले पान प्रत्येकाला पाठ असते. त्या पानाची मागची बाजू अशी, की जुहू हे खाजण होते आणि पावसाळी भरतीत ते सरळ समुद्राखाली जाई. म्हणून पावसाळ्याचे चार महिने टाटांचा सगळा संसार पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती, जमिनीवरून वाट दाखवणारे काही नव्हते, इंजिन एकच होते, आणि बेल्लारीपर्यंत जायला ढगांत बुडालेला सह्याद्री ओलांडायचा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर इंजिन बंद पडले तर तासही नाही आणि बांधही नाही. अशा स्थितीत 1933 या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी 1,60,000 मैल अंतर कापले, 155 प्रवासी आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले, आणि वक्तशीरपणा शंभर टक्के राखला. या आकड्यांचे कौतुक करताना आम्हांला नेहमी वाटते, की खाली उतरावे लागले नाही म्हणून जी जमीन इतिहासात आलीच नाही, तिचाही त्या शंभर टक्क्यांत वाटा होता. वैमानिक तिच्या भरवशावरच वर होता.

यातली काही जमीन आमच्या ओळखीची आहे. नकाशावर जुहू आणि येरवडा जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती ठाण्याची खाडी ओलांडून आजच्या वाशी-नेरुळच्या बाजूने पुढे जाते. रबाळे तिच्या उत्तरेला साधारण बारा किलोमीटरांवर पडते. घाटासाठी चढण घेणारे विमान तिथे पाच हजार फुटांवर, म्हणजे दीड किलोमीटर उंचीवर आहे असे धरले, तर बंद इंजिनाने ते बारा-तेरा किलोमीटर जाऊ शकते. वारा प्रतिकूल नसेल तर रबाळे जेमतेम पल्ल्यात येते. अर्थात कोणी वैमानिक एवढ्या लांब येणार नाही, तो नेरुळ-बेलापूरचीच खाचरे पाहील. हा केवळ आमचा खेळ. पण खेळ म्हणून 1932 च्या दिवाळीनंतरचे रबाळे वरून पाहावे. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला खाडी आणि तिवरे, मध्ये घणसोली, रबाळे, दिवे, ऐरोली अशा आगरी-कोळ्यांच्या वस्त्या. भात कापून झालेले, खाचरे सुकलेली, खाजणांचे बांध आणि खारे पाणी बाहेर ठेवणाऱ्या उघाड्या. उतरणाऱ्याचे विमान पहिल्याच बांधाला पालथे झाले असते, आणि माणूस बहुधा वाचला असता. त्याला खाटेवर घालून कोणीतरी ठाण्याला पोहोचवले असते. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी पत्रात वैमानिकाचे नाव आले असते आणि त्याखाली ‘काही गावकऱ्यांनी’ एवढेच.

या ‘काही गावकऱ्यांनी’पाशी आम्ही थांबू इच्छितो, कारण सक्तीच्या अवतरणाच्या सगळ्या वाङ्मयाची गाठ येथे आहे. जगात या विषयावर ज्याच्याइतके सुंदर कोणी लिहिले नाही, त्या सेंट-एक्झुपेरीचेच उदाहरण घ्यावे. ‘छोट्या राजपुत्रा’ची (1943) सुरुवातच वाळवंटात इंजिन बिघडलेल्या वैमानिकापासून होते. त्यामागे प्रत्यक्ष अनुभव आहे: 30 डिसेंबर 1935 रोजी पॅरिस ते सायगाव विक्रमाच्या प्रयत्नात त्याचे विमान लिबियाच्या वाळवंटात आपटले. तिथे इंजिन बंद पडले नव्हते, अंधारात उंचीचा अंदाज चुकला होता. कादंबरीत मात्र त्याने इंजिनच निवडले, हे लेखनाच्या विद्यार्थ्यांनी पाहून ठेवावे. चूक माणसाची असली की गोष्ट वेगळी होते. तो आणि त्याचा यंत्रज्ञ प्रेव्हो काही दिवस पाण्याविना भटकले आणि एका बदाऊनीला सापडले. त्याने पाणी पाजले. 1939 च्या आत्मपर पुस्तकात सेंट-एक्झुपेरीने त्या बदाऊनीला उद्देशून जे लिहिले, ते कृतज्ञतेचे शिखर आहे. तो सगळ्या मानवजातीचा प्रतिनिधी होतो, त्याचा चेहरा सगळ्यांचा चेहरा होतो. पण त्याला नाव मिळत नाही. तो तिथे काय करीत होता, कुठे निघाला होता, ती वाळू कोणाच्या टोळीची होती, त्याने त्या रात्री घरी जाऊन काय सांगितले, यातले काही पुस्तकात येत नाही. आम्ही वर्गात एकदा विचारले, की छोट्या राजपुत्राच्या वाळवंटाचा मालक कोण? विद्यार्थी हसले. प्रश्न हसण्यासारखाच आहे, कारण ती कथा आपल्याला तो विचारू देत नाही.

अवतरण या शब्दाचा दुसरा अर्थ येथे कामी येतो. वरून उतरणाऱ्याचे बोलणे अवतरणचिन्हांत येते. खालच्याचे येत नाही.

रबाळ्याच्या जमिनीवर पुढे जे अवतरले ते विमान नव्हते, पण सक्तीचे होते. मराठी प्रशासनाच्या भाषेत ‘सक्तीचे’ हे विशेषण ज्या नामांना हमखास जोडले जाते त्यांत शिक्षण आहे, लसीकरण आहे आणि भूसंपादन आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. 1970 साली सिडको आली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. नकाशा वरून आखला होता, हे अक्षरशः खरे आहे. नगररचनाकार जमीन वरूनच पाहतो, आणि वरून पाहणाऱ्याला खाचर रिकामे दिसते. वैमानिक आणि नियोजक यांच्यात फरक असा, की बांध कुठे आहे हे वैमानिकाला चाक टेकताच कळते. नियोजकाला ते कळायला जानेवारी 1984 उजाडावे लागले, जेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. विकसित साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावठाणे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, उलवा नदीचे पात्र वळवले गेले. त्या वेळी टक्का साडेबावीस होता. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळात पहिली विमाने उतरली. ती सक्तीने उतरली नाहीत. सक्ती आधीच होऊन गेली होती.

आम्ही विषय सोडला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. सक्तीच्या अवतरणाला दोन गोष्टी लागतात, बंद पडणारे इंजिन आणि मोकळी जागा. पहिलीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे.

दुसरीचे काय झाले, ते 28 जून 2018 रोजी खाडीच्या पलीकडे दिसले. दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालेले किंग एअर सी-90 जातीचे, दोन इंजिनांचे छोटे विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी कोसळले. विमानातले चौघे, दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ, तसेच रस्त्याने चाललेला एक माणूस असे पाच जण मेले. इमारतीवरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. त्या विमानाचे इंजिन बंद पडले होते, असे आम्ही म्हणत नाही. तो चौकशीचा विषय होता. आम्ही नोंदवतो ते एवढेच, की अहवाल यायला वेळ लागला, पण वैमानिकांनी प्राण देऊन वस्ती वाचवली, मोकळी जागा हेरली, ही कथा त्याच दिवशी तयार होती. ती खरी की खोटी हे पारखण्याचे साधन आमच्यापाशी नाही. तिची गरज मात्र समजते. घाटकोपरमध्ये मोकळी जागा होती आणि कोणाला तरी ती दिसली, यावर शहराला विश्वास ठेवायचा असतो. पाचवा माणूस या कथेत कुठे बसवावा, हे मात्र कोणालाच कळले नाही.

आजच्या महाराष्ट्रात सक्तीचे अवतरण पाहायचे असेल, तर बारामती-इंदापूरकडे जावे लागते. तिथल्या आकाशात वैमानिक होऊ पाहणारी मुलेमुली शिकत असतात, आणि खाली अजून शेते आहेत. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे सेस्ना 152 जातीचे दोन आसनी प्रशिक्षण विमान शेतात आले. आत शिकणारी तरुणी एकटीच होती, एकटीने करायच्या लांब पल्ल्याच्या सरावावर निघालेली. इंजिनाची शक्ती गेली होती. विमान मोडले, ती किरकोळ जखमांवर निभावली. गावकरी धावले. ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने याच परिसरात जमिनीवर आली आणि नियामक यंत्रणेला प्रशिक्षण थांबवून तपासणी करावी लागली.

कडबनवाडीची छायाचित्रे त्या दिवशी सगळीकडे फिरली. आम्ही ती पुन्हा पुन्हा पाहिली, विमानासाठी नव्हे. पांढऱ्या पंखाभोवती उभी असलेली माणसे पाहण्यासाठी. टोप्या, पदर, हातात मोबाइल, चेहऱ्यावर कुतूहल आणि थोडा संकोच, लग्नघरी न बोलावता गेल्यासारखा. जिजाईच्या मागे उभी राहून आकाशात गेलेल्या विमानाकडे पाहणारी माणसे अशीच असावीत, फक्त हे विमान उलट दिशेने आले होते. इंदापूरकडचे जिराईत रान आणि जुलै अखेर, म्हणजे पेरण्या झालेल्या असणार. पंखाखाली कोणते पीक गेले, पंचनाम्यात त्याची नोंद कोणत्या रकान्यात झाली, भरपाई मिळाली का, विमानाचे तुकडे उचलून नेणारी गाडी कोणत्या बांधावरून आत आली, हे प्रश्न बातमीत नव्हते. ते विचारणारी मराठी कथा अजून लिहायची आहे. ग्रामीण कथेला हा विषय अजिबात परका नाही. आकाशातून आलेली वस्तू, ती पाहायला लोटलेला गाव, जमिनीची मोजणी, तलाठी, आणि खाटेवर बसवून चहा पाजलेली घाबरलेली मुलगी. आपल्या थोर ग्रामीण कथाकारांनी यातला एकेक घटक हजारदा हाताळलेला आहे. फक्त विमान त्यांच्या रानात पडले नव्हते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघांनी उपग्रहाने काढलेला नकाशा उघडून तो खेळ मांडला: वाशीच्या माथ्यावर पाच हजार फूट, इंजिन बंद, वारा पश्चिमेचा. ठाणे-बेलापूर रस्ता रुंद आहे, पण त्यावर उड्डाणपूल, दिव्यांचे खांब आणि अखंड वाहने. औद्योगिक वसाहतीचे पत्रे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी काचेचे मनोरे. रेल्वेमार्गावर विजेच्या तारा, डोंगराच्या बाजूला उच्च दाबाच्या. शाळेची मैदाने आहेत, पण ती शाळेची मैदाने आहेत. विद्यार्थ्याने बोट खाडीवर ठेवले. भरती असेल तर पाणी, ओहोटी असेल तर चिखल. ‘ओहोटीला धरू,’ तो म्हणाला. तिवरांच्या आणि पाण्याच्या मधली करडी पट्टी लांब आहे, सपाट आहे, तारा नाहीत, बांध नाही. 2015 सालापासून ती फ्लेमिंगोंसाठी राखीव आहे, आणि हिवाळ्यात तिथे हजारोंनी पक्षी उभे असतात. ते कोणत्या महिन्यात येतात, हे आम्ही मग शोधत बसलो.